पाणी टाकून

आक्का, तुला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि एकाच प्रश्नाला उत्तर देऊन देऊन मी थकले आहे. "जल्मभर असं साफ खाणारी बाई, तिच्या किडन्या कशा काय जातील हो मॅडम?" तुझ्या जलदानविधीच्या दिवशी मांडवात हेच, शाळेत हेच, परवा शाळा सुटल्यावर पिंगळीच्या स्टेशनवर परभणीच्या गाडीची वाट बघत होते तर तिथंही हेच. मी सांगते, साखर होती, वीस वर्षांची. लोक मान हलवतात आणि परत म्हणतात, "पर ती तर पालेभाजीबिगर घास मोडत नव्हती." तू आजारी पडून त्यांना फसवलंस, असा त्यांचा सूर असतो. मी पिशवी या हातातून त्या हातात घेते आणि गाडी आली की चढते.

त्यांचंही बरोबर आहे म्हणा. अर्ध्या वालूरचं पोट तुझ्या सल्ल्यानं चालत होतं. कुणाला करपट ढेकर येऊ दे, कुणाच्या अंगावर पित्त उठू दे, तुझं पहिलं वाक्य ठरलेलं, "काय खाल्लंस ते सांग आदी." लग्नसराई आटोपली, दिवाळीचं तळकट संपलं, की तू घरात जाहीर करायचीस, "आता दोन दिस पोट सारवायचं." मग हुलग्याचं माडगं, तांदुळजाची भाजी, ज्वारीची भाकरी, दुपारी पातळ ताक. पावसाळ्यात घोळ आणि अंबाडी, थंडीत चाकवत, बांधावरची पाथरी तर धुऊन तशीच कच्ची भाकरीबरोबर. जवसाच्या चटणीचा डबा तुझ्या घरात कधी रिकामा पाहिला नाही मी. पोट सारवणं हा शब्द मात्र तुझ्याशिवाय कुणाच्या तोंडी ऐकला नाही, आणि मराठी शिकवण्यात माझी सत्तावीस वर्षं गेली.

मी तुझी धाकटी जाऊ, त्यात शिकलेली, त्यात मास्तरीण. गप्प बसणं जमायचं नाही. मी म्हणायचे, आक्का, पोट काही सारवता येत नाही. अंगातली घाण काढायचं काम यकृत करतं, मूत्रपिंडं करतात, आतडी करतात. ती तुझ्या माडग्याची वाट बघत बसत नाहीत. तू भाकरी थापता थापता सगळं ऐकून घ्यायचीस. मग विचारायचीस, "घर कोन झाडतंय?"

"तू."

"मग झाडणारीला दोन घास बरे लागत्यात का न्हाई? का रोज भजी खाऊन झाडू?"

यावर मी चिडायचे. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना एकदा विचारलं. ते म्हणाले, तुमच्या जाऊबाई फारसं चुकीचं बोलत नाहीत. पाला, चोथा, ताक, पुरेसं पाणी यानं त्या अवयवांचं काम जरा सोपं होत असेल, एवढंच. झाडणारे मात्र तेच. हे मी तुला कधी सांगितलं नाही. जिंकल्यावर तुझं तोंड कसं होतं ते मला ठाऊक होतं आणि ते मला बघवलं नसतं.

एकदा तुझ्या मंगलनं परभणीहून कसल्याशा हिरव्या भुकटीचा डबा आणला होता, रोज सकाळी कोमट पाण्यातून घ्यायची म्हणे. तू डबा हातात घेतलास, चष्मा चढवलास आणि एकेक अक्षर लावत वाचलंस, "डि... टॉ... क्स." मंगल म्हणाली, "म्हंजी अंगातली घाण बाहेर काढायची, आई." तू म्हणालीस, "मग सरळ जुलाब लिवा की. त्याला विंग्रजी कशाला?" आम्ही दोघी हसून हसून भुईवर बसलो. तू मात्र हसली नाहीस. तुला तो शब्द वाचता आला होता, जोडाक्षरासकट, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत शाबासकीची वाट पाहत होतीस. मी ती दिली का नाही, आता आठवत नाही.

वाचायला मीच शिकवलं तुला. लग्न होऊन वालूरला आले तेव्हा मला भाकरी येत नव्हती आणि तुला अक्षर येत नव्हतं. तू सौदा केलास, एका भाकरीला एक अक्षर. काठवटीतल्या पिठात मी बोटानं 'अ' काढायचे, तू त्यावरून बोट फिरवायचीस आणि मग तेच पीठ मळून माझ्यापुढे सरकवायचीस. माझ्या भाकरीचे नकाशे व्हायचे, तुझा 'ख' फुटून 'रव' व्हायचा. तेव्हा मी तुला अहो-जाहो करत होते. आठ-दहा दिवसांनी तू म्हणालीस, "शाळंत पोरायला तुमी म्हणतीस का? मग मला कशाला म्हणायलीस? मास्तरनी हायस तर तू म्हण." थोरल्या जावेला 'तू' म्हणणारी गावात मी एकटीच. सासूबाईंनी त्यावरून आठवडाभर माझ्याशी अबोला धरला होता.

वर्षभरात तू एस.टी.ची पाटी वाचायला लागलीस. मग पेपरातले मथळे. मग रविवारी विहारात वंदनेचं पुस्तक तुझ्या हातात यायला लागलं. तू उभी राहायचीस, ओळीवर बोट ठेवायचीस आणि मोठ्यानं वाचायचीस, आणि सगळ्या बायका तुझ्या मागून म्हणायच्या. पाली शब्दांपाशी अडखळायचीस, थांबायचीस, परत मागून यायचीस, पण पुस्तक कधी खाली ठेवलं नाहीस. दादा, म्हणजे तुझे मालक, बाहेरच्या पायरीवर बसून ऐकायचे. मला त्या बायकांत बसून तुझा आवाज ऐकताना जे वाटायचं ते वर्गातल्या कुठल्याच निकालानं वाटलं नाही.

मागच्या वर्षी तुझा रिपोर्ट आला. परभणीच्या डॉक्टरांनी पथ्याचा छापील कागद दिला आणि मला तोंडी समजावलं. किडनी धड असेल तर पालेभाजीसारखं दुसरं काही नाही. पण ती थकली की भाजीतलं पोटॅशियम रक्तात साचतं आणि हृदयाला धोका होतो. भाजी अगदी बंद करू नका, थोडी खा, चिरून भरपूर पाण्यात उकळा आणि ते पाणी ओतून द्या, बरंचसं पोटॅशियम त्यात उतरतं. तू तेव्हा बाहेर बाकावर बसली होतीस आणि मंगल औषधं आणायला गेली होती. ऐकलं ते मी एकटीनं.

छापील कागद जोडाक्षरांनी भरलेला. तुला तो जड जाणार म्हणून मी घरी बसून नवा लिहिला. मोठं अक्षर, छोटी वाक्यं, जोडाक्षर शक्यतो एकही नाही. आधी लिहिलं होतं, 'पाणी सांडून द्यावे.' त्यात 'द्या' आला, म्हणून खोडलं आणि सोपं केलं. 'पालेभाजी उकळा. पाणी टाकून खा.' स्वतःच्या हुशारीवर मी अगदी खूश होते, खोटं कशाला बोलू.

चहात साखर टाकतो आणि उकिरड्यावर केर टाकतो, दोन्हीला आपल्याकडे शब्द एकच. पाचवीच्या पोरांना मी हे फळ्यावर लिहून शिकवलेलं आहे. टाकणे म्हणजे घालणे, टाकणे म्हणजे फेकणे. त्या दिवशी माझ्या डोक्यात फेकणे होतं. तू वाचलंस ते घालणे.

आणि तुला तर आनंदच झाला. पाल्याचं सत्त्व पाण्यात उतरतं, ते वाया घालवू नका, हे तू जल्मभर सांगत आली होतीस. तुझा फोन आला, "मास्तरनी, तुझं पथ्य लय बेस हाय. आज पाणी टाकून केली तांदुळजाची. लय ग्वाड लागली."

मी म्हटलं, "अशीच करत जा. रोज पाणी टाकायचं, विसरायचं नाही."

"इसरंल कशाला? आता बग, डॉक्टर बी माझंच म्हणायलाय."

मी हसले. तुला वाटलं, इतक्या वर्षांनी ही हरली एकदाची. मला वाटलं, इतक्या वर्षांनी ही माझं ऐकायला लागली. साडेतीन महिने आपण फोनवर हेच बोलत होतो.

मग एका सकाळी तुला उठताच येईना. हातापायांतलं बळ गेलं, पाय सुजलेले, छातीत धडधड. जीपमध्ये घालून परभणीला आणलं. रक्ताचा रिपोर्ट बघून डॉक्टर तुझ्या खाटेपाशी आले आणि विचारलं, "मावशी, काय काय खाता?" तुला बोलायचं त्राण नव्हतं, तरी या प्रश्नाला तू उठून बसलीस. "मास्तरनीनं लिवून दिल्यापरमाणं खायलेय साहेब. भाजी उकळायची. वरून दोन तांबे पाणी टाकायचं अन् समदं प्यायचं. एक थेंब वाया जाऊ देत न्हाई."

डॉक्टरांनी पेन खिशाला लावलं. म्हणाले, "अहो, पाणी टाकून म्हणजे ओतून द्यायचं होतं, मावशी."

मंगलनं पिशवीतून कागद काढला. तू तो जपून, घडी न मोडता ठेवला होतास. मी तिच्या खांद्यावरून माझंच अक्षर वाचलं. एका नजरेत कळलं मला. दुसऱ्या कुणाचं असं वाक्य असतं तर मी लाल शाई लावून परत दिलं असतं.

दादा म्हणाले, "अडाण्याच्या हातात कागद दिल्यावर असंच व्हतंय." खोलीत बाकीच्या दोन पेशंटची माणसं होती, तीही ऐकत होती. मी काही बोलले नाही. घसा कोरडा पडला होता असं सांगता येईल, पण तसं नव्हतं. सगळ्यांसमोर मराठीच्या बाईचं वाक्य चुकलं, हे मला सांगायचं नव्हतं. तू माझ्याकडे पाहिलंस आणि दादांना म्हणालीस, "तिला काय म्हणू नका. मास्तरनी कशी चुकंल? माझंच वाचणं कच्चं."

नंतर मी एकटीच डॉक्टरांना गाठलं. ते म्हणाले, किडन्या आधीच गेलेल्या होत्या, डायलिसिस लागणारच होतं. त्या पाण्यानं त्यांना आज दवाखान्यात आणलं, आजार काही त्यानं दिला नाही. मला हलकं वाटलं, आक्का. जिन्यातच बसून मी दोन मिनिटं रडले आणि मग खाली जाऊन चहा प्यायले. मला वाटलं होतं, सुटले.

पुढचे आठ महिने दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. तू सकाळच्या गाडीनं यायचीस, सुईच्या हातावर पदर घेऊन संध्याकाळी माझ्याकडे यायचीस, कधी मुक्काम करायचीस. मी भाजी उकळायचे आणि हिरवं पाणी मोरीत ओतायचे. तू भिंतीला टेकून बघायचीस. एकदा म्हणालीस, "तुझ्या मोरीला लय ताकद आली असंल आता." मी हसले, तू हसलीस, तुला खोकला आला. त्या भाजीत चव कसलीच नसायची. तू न बोलता खायचीस, कारण मी केलेली असायची. माझा स्वयंपाक तुला कधी आवडला नव्हता आणि तुला शेवटी तोच खावा लागला. पाणीसुद्धा मापानं. जगाला ताक प्या, पाणी प्या सांगणारी बाई तू, फुलपात्रात तळाशी दोन घोट घेऊन बसायचीस.

एकदा तू सहज म्हणालीस, "तुझं खरं निघालं ग. झाडणारे थकल्यावर माझ्या भाज्या काय करतील?" मला तेव्हा वाद घालायला हवा होता. ते झाडणारे वीस वर्षं साखर सोसून टिकले, ते कदाचित तुझ्या भाकरी-भाजीमुळेच, असं म्हणायला हवं होतं. खरं-खोटं कुणाला ठाऊक, पण म्हणायला काय हरकत होती? मी शाळेतून दमून आले होते. मी म्हटलं, "जेव आता."

पण मला जे सांगायचं आहे ते हे नाही. त्या दवाखान्यानंतर तू वाचणं सोडलंस. मला ते पहिल्याच महिन्यात कळलं. पेपर तुझ्यापुढे ठेवला की तू तो उलटा घालून त्यावर लसूण सोलायला घ्यायचीस. "चष्मा न्हाई आणला," म्हणायचीस, आणि चष्मा तुझ्या पिशवीत मला दिसत असायचा. स्टँडवर पाटी समोर असताना शेजारच्या बाईला विचारायचीस, "ही गाडी कुठं जायलीय ओ?" औषधाच्या गोळ्या रंगावरून ओळखायला लागलीस. मंगल सांगत होती, विहारात पुस्तक तुझ्यापाशी आलं की तू ते शेजारणीच्या मांडीवर सरकवतेस. सगळं दिसत होतं मला. तुझा हात धरून, आक्का, वाक्य माझं चुकलं, एवढं म्हणायला आठ महिने मिळाले होते. दर मंगळवारी ठरवायचे आणि शुक्रवारवर ढकलायचे. एकदा सुरुवातही केली, "आक्का, तो कागद..." तू लगेच म्हणालीस, "जाऊ दे ते. भाकरी करपायलीय बग." भाकरी खरंच करपत होती. मी ती उलटली आणि मग विषय काढला नाही.

तुला माहीत होतं का? हे मला आता कधीच कळणार नाही. मला वाचवण्यासाठी तू गप्प बसली होतीस, की खरंच स्वतःला अडाणी समजत गेलीस? यातलं पहिलं असेल तर मी तुझी ऋणी आहे. दुसरं असेल तर मी तुला जे एकच दिलं होतं ते मीच काढून घेतलं.

जलदानाच्या दिवशी गाथा झाल्या, जेवणं झाली, बायका मांडवात बसल्या होत्या. तुझी शेजारीण, ती समोरच्या घरातली, डोळे पुसत म्हणाली, "वाचायला शिकली अन् त्यानंच घात केला बाईचा. मी तर सुनंला सांगितलं, ह्या वयात पाटी-पुस्तक नको. आपलं जे हाय ते बरं." दोघी-तिघींनी मान डोलावली. दादा जवळच बसले होते, त्यांनीही. मंगलनं माझ्याकडे पाहिलं. आणि मी दुसऱ्यांदा गप्प बसले, आक्का. तुझ्या फोटोसमोर मेणबत्त्या जळत होत्या आणि मी पत्रावळी गोळा करायला उठले.

मंगल माझ्या मागून मोरीपाशी आली. तिच्या हातात तो कागद होता. म्हणाली, "काकू, मी बी.ए. झालेय. मी बी हे असंच वाचलं असतं." मी म्हटलं, "हो." तिला बहुतेक मी काहीतरी समजावून सांगीन असं वाटलं होतं. ती रडायला लागली. मग म्हणाली, "तुमी का न्हाई बोललात तवा? आई लय दिस घरात म्हणत बसायची, मला येत न्हाई, मला येत न्हाई. निदान आता तरी बोला. आमच्या आईला गावानं अडाणी म्हणू नये."

मी तिला शब्द दिला आणि परभणीला निघून आले. कितीतरी दिवस शब्दच सापडेनात. सत्तावीस वर्षं पोरांना निबंध लिहायला शिकवले, आणि टेबलाशी बसून 'चूक' या शब्दापाशी पेन थांबत होतं. आज लिहून झालं. फार थकले आहे मी, पण झोपण्याआधी हा कागद मंगलकडे पोचता करायचा आहे.

येत्या रविवारी ती तो विहारात वाचणार आहे, तू उभी राहायचीस त्याच जागी उभी राहून. दादा असतील, समोरची शेजारीण आणि तिची सून असेल. मी खाली बायकांत बसेन आणि कुणी विचारलंच तर मान वर करीन. त्यांना कळावं म्हणून शेवटचं अगदी सोपं लिहिते. कागद माझा होता. वाक्य माझं होतं, आणि ते चुकीचं होतं. त्याचा सरळ मराठीत जो अर्थ होतो तोच तू घेतलास.

आक्का, तू बरोबर वाचलं होतंस.